घसरे फौजी

आमचे भाऊजी सुट्टीवर वालूरला आले की सकाळी चुलीवरचं पाणी तापायच्या आत अंगणात उभे राहायचे. डोळे गच्च मिटलेले, गुडघे थोडे वाकलेले, आणि दोन्ही तळहात छातीसमोर धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवत राहायचे. मध्येच कंबर झुकायची, ओठ पुटपुटायचे, आणि मिनिटभरानं मोठा श्वास सोडून ते डोळे उघडायचे. लग्न होऊन या घरात आल्यावर मी हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा हातातली बादली तिथंच ठेवली आणि आत जाऊन नवऱ्याला विचारलं, "तुमच्या भावाला काही होतं का?" ते म्हणाले, "शर्यत करायलाय त्यो." एवढं सांगून ते दाढी करायला बसले. आमच्या घरात पुरुषमाणसं समजावून सांगण्याच्या बाबतीत पहिल्यापासून अशी उदार आहेत.

पुढे ते मला भाऊजींनीच समजावलं. ते फौजेत होते आणि फौजेकडून बर्फावरच्या शर्यतीत उतरायचे. डोंगराच्या उतारावर लाल-निळे झेंडे रोवलेले असतात. पायांना लांब पट्ट्या बांधून प्रत्येक झेंड्याला वळसा घालत खाली यायचं, ज्याला कमी वेळ लागेल तो पहिला. शर्यतीआधी उतार हळूहळू उतरत एकदाच बघू देतात, त्यावरून सरावाला जाऊ देत नाहीत. तेवढ्यात सगळी वळणं पाठ करायची आणि मग डोळे मिटून मनातल्या मनात खाली यायचं. "पाय नंतर जातेत वैनी, आधी डोस्कं जातंय," असं ते म्हणायचे.

परभणी जिल्ह्यातला माणूस बर्फावर कसा गेला, याचंही त्यांच्याकडे साधं उत्तर होतं. लहानपणी डोक्यावर गवताचा भारा घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पळायची सवय. धुरा हातभर रुंदीचा, दोन्हीकडे दुसऱ्याचं पीक. तोल गेला की शिव्या. फौजेत पहिल्यांदा पट्ट्या बांधल्या तेव्हा सोबतचे सगळे आडवे झाले आणि हे एकटे उभे राहिले, तेवढ्यावर साहेबांनी त्यांना निवडलं. आयुष्यातला पहिला बर्फ पाहिल्यावर त्यांनी घरी फोन केला होता. "हितं समदीकडं कापूस फुटलाय. पण येचायला एक बाई न्हाई," असं ते आईला म्हणाले होते.

गावात त्यांचं नाव पडलं ते त्यांच्याच खरेपणामुळे. एसटी स्टँडवर कुणीतरी विचारलं, फौजेत नेमकं काय काम असतं? दुसरा कुणी असता तर बंदूक, सरहद्द असं काहीतरी बोलला असता. हे म्हणाले, "बर्फावर घसरतो." विचारणारा गार झाला. "सरकार घसरायचा पगार देतंय?" तेव्हापासून ते घसरे फौजी. देशात पहिला नंबर आला त्या वर्षी गावानं चौकात त्यांच्या फोटोचा भला मोठा फलक लावला आणि त्यावर 'घसरे फौजी यांचे हार्दिक अभिनंदन' असं छापलं. खरं नाव कुणी विचारायलाच आलं नाही. भाऊजींनी त्या फलकाचा फोटो काढून सगळ्या पलटणीला पाठवला.

अंगणातल्या त्या हात हलवण्यानं एकदा मोठाच घोळ केला. शेजारच्या गयामावशींची म्हैस दोन दिवस सापडत नव्हती. मावशी सकाळी कुंपणापाशी लिंबू घेऊन येऊन उभ्या राहिल्या. भाऊजींची शर्यत संपली तेव्हा शेवटचा हात डावीकडे होता. डावीकडे ओढा. मावशी तडक ओढ्यावर गेल्या आणि म्हैस तिथं पाण्यात निवांत बसलेली. दुसऱ्या दिवशी अंगणात चार माणसं नारळ घेऊन हजर. एकाला पोरीचं लग्न कुठल्या दिशेला जमेल ते हवं होतं, एकाला बोअर कुठं मारू ते.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, लाजेनं लाल झाल्या. आमचं घर बौद्धांचं. अंगात येणं, गाऱ्हाणं घालणं असलं काही त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हितं कुणाच्या अंगात येत न्हाई. माज्या लेकराची नौकरी हाय ती. नारळ घरी न्या अन् चटणी करून खा." मग आत वळून लेकाला म्हणाल्या, "हात हलवायचेत तर घरात हलव. विहारातली माणसं काय म्हणतील?"

तेव्हापासून शर्यत घरात आली. भाऊजी ओढ्याच्या उतारावर तुरीच्या वाळक्या तुराट्या रोवायचे, एकदा त्यांच्यामधून चालत खाली यायचे आणि घरी येऊन डोळे मिटून उभे राहायचे, "डावं, उजवं, डावं, लांब उजवं..." असं पुटपुटत. आत्याबाई पलीकडे तूर निवडत बसलेल्या. त्या शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण विहारात ऐकून ऐकून सगळी वंदना आणि लांबलचक सुत्तं त्यांना तोंडपाठ होती, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तिसऱ्या दिवशी सुपातून मान वर न करता त्या म्हणाल्या, "नवव्याला चुकलास. काल तिथं लांब डावं म्हणला व्हतास." भाऊजी उतारावर जाऊन बघून आले. "माय खरं सांगायली, वैनी," असं ते मला म्हणाले, आणि त्या दिवसापासून आत्याबाई त्यांच्या परीक्षक झाल्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, पण एवढी कडक परीक्षक मला होता आलं नाही.

मला स्कूटी शिकवली तीही भाऊजींनीच. आमच्याकडच्या रस्त्यांबद्दल मी काही बोलत नाही, खड्ड्यांना नावं द्यायची वेळ आली होती. मी प्रत्येक खड्डा डोळे फाडून बघायची आणि नेमकी त्यातच जायची. भाऊजी मागे बसून शांतपणे म्हणायचे, "खड्ड्याकडं बघू नका वैनी. जिकडं बघताल तिकडंच जाताल. जायचं हाय तिकडं बघा." ते झेंड्यांचंही असंच करायचे म्हणे, समोरच्याकडे नाही तर त्याच्या पुढच्याकडे बघायचे. मी अजून तशीच चालवते. शाळेत एखादं पोर गणिताला घाबरलं की त्यालाही मी हेच सांगायची, त्याला ते कळायचं की नाही देव जाणे.

पदक मिळालं की भाऊजींचा फोन यायचा. सगळं घर स्पीकरभोवती. आत्याबाई दर वेळी एकच विचारायच्या, "पडलास का?" ते म्हणायचे, "न्हाई माय. पडल्यावर पदक देत न्हाईत." त्यावर त्या "बरं" म्हणून उठायच्या. किती पदकं झाली याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. एकदा मी चिडून म्हटलं, अहो, लेक देशात पहिला आलाय, काहीतरी चांगलं बोला. त्या म्हणाल्या, "पडला न्हाई, ह्याच्याहून चांगलं काय असतंय?"

मग भाऊजींचा गुडघा गेला. दोनदा टाके पडले, तिसऱ्यांदा डॉक्टरांनी हात जोडले. फौजेतच शिकवणाऱ्याची जागा मिळणार होती, पण शर्यत बंद. भाऊजींनी फोन करून मला बोलावून घेतलं. "यंदाची शेवटची, वैनी. नंबराचं काय न्हाई. पण इतकी वर्सं झाली, मायनं मला एकदाबी उतरताना बघितलं न्हाई. तेवढं एक करा." त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

आत्याबाईंनी साफ नाही म्हटलं. "पडताना बघायला कामून येऊ?" हे त्यांच्या पोटातलं भय मला इतक्या वर्षांनी कळलं. मी आठवडाभर मागे लागले. शेवटी मी म्हटलं, "सगळी वळणं तुम्ही घोकून घेतलीत, आता उतार एकदा डोळ्यांनी बघा तरी." दुसऱ्या दिवशी बघते तर त्या प्रवासासाठी धपाटे थापत होत्या.

माझ्या नवऱ्याला रजा मिळाली नाही म्हणून आम्ही दोघीच निघालो. परभणीहून रेल्वेनं दिल्ली, तिथून बस, मग जीप. नऊवारी लुगड्यावर दोन स्वेटर, पायात लेकाचे लोकरी मोजे, डोक्याला मफलर, अशा आत्याबाई डोंगरात उतरल्या. बर्फाची मूठ उचलून त्यांनी नीट बघितली. "कापूस म्हणला व्हता. हे तर मीठ हाय," असं म्हणून त्यांनी ते चाखूनही पाहिलं.

शर्यतीच्या दोन फेऱ्या असतात, दोन्हींची वेळ मिळवून नंबर काढतात. आम्ही खाली कुंपणाशी उभ्या होतो. भोंग्यावर भाऊजींचा नंबर पुकारला. वर एक ठिपका हलला, एका चढामागे गेला, पुन्हा दिसला, आणि समोरून लाल कपड्यातलं काहीतरी सूं करून गेलं. आत्याबाई अजून वरच बघत होत्या. "कवा यायलाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आले की. "त्यो व्हय? तोंड झाकलेला? त्यो आपलाच हाय हे कशावरनं?" त्यांचा चेहरा पडला. दोन दिवसांचा प्रवास करून आलेल्या त्या म्हातारीला लेक दिसलाच नव्हता. भाऊजी तिसरे होते. कुंपणापाशी येऊन आईच्या तोंडाकडे बघताच त्यांना सगळं कळलं. दुखऱ्या गुडघ्यासकट ते तसेच परत वळले.

दुसऱ्या फेरीला झेंडे नव्यानं रोवतात. भाऊजी तो उतार हळूहळू बघत खाली आले ते थेट आईसमोर उभे राहिले. चष्मा वर केला, डोळे मिटले आणि हातमोज्यातले हात छातीसमोर धरले. "माय, ध्यान देऊन ऐक. डावं, उजवं, डावं, लांब उजवं, मंग दोन बारीक..." सगळी वळणं त्यांनी म्हणून दाखवली. आत्याबाईंचे ओठ हलत होते. "एकदा आणिक म्हण," त्या म्हणाल्या. त्यांनी पुन्हा म्हटलं आणि घाईघाईनं वर जायला निघाले.

त्यांची पाळी आली. मी म्हटलं, "निघाले, आत्याबाई." तर त्यांनी चक्क डोळे मिटून घेतले. तळहात छातीसमोर आले. आणि शेकडो अनोळखी माणसांच्या गर्दीत, स्वेटर घातलेल्या माझ्या सासूबाई डावीकडे, उजवीकडे वळू लागल्या. गुडघे वाकले, कंबर झुकली, लांब उजव्याला हात लांब गेले. ज्यांनी लेकाला असं करतो म्हणून अंगणातून घरात घातलं होतं, त्याच या. आजूबाजूचे लोक शर्यत सोडून त्यांच्याकडे बघायला लागले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, उताराकडे बघायचं मीच विसरले. त्यांनी शेवटचं डावं घेतलं, मोठा श्वास सोडला आणि डोळे उघडले. दुसऱ्याच क्षणी बर्फाचा फवारा उडवत भाऊजी समोर येऊन थांबले.

"बघितलंस का माय?"

"समदं बघितलं," त्या म्हणाल्या. "पर मी आधी आले."

पहिल्या फेरीत पुढे असलेले दोघे भाऊजींच्या मागून यायचे होते. ते आले, आणि फळ्यावर भाऊजींचं नाव सगळ्यात वर राहिलं. आत्याबाईंनी त्या दिवशी "पडलास का" असं विचारलं नाही. भाऊजींनी ते बरोबर टिपलं होतं, जेवताना मला हळूच म्हणाले.

आता ते तिकडेच पोरांना शिकवतात, त्यांचं बिऱ्हाडही तिकडेच आहे. आत्याबाई मागच्या वर्षी गेल्या, शांतपणे, तूर निवडता निवडता. पुण्यानुमोदनाला भाऊजी आले होते. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आले तर ते अंगणात उभे, डोळे मिटून, हात छातीसमोर. घरात जा म्हणणारं आता कुणी नव्हतं. कुंपणापाशी गयामावशी कधीपासून थांबलेल्या. श्वास सोडून भाऊजींनी डोळे उघडल्याबरोबर मावशी म्हणाल्या, "शेवटचा हात कंचा व्हता रं भाऊ? शेळी दिसंना कालपासून."

भाऊजी पोट धरून हसले. "डावा, मावशी. जा ओढ्याला."

मावशी लगबगीनं गेल्या. मी ओळखलं होतं कुठला उतार होता तो. तरी विचारलं, "काय भाऊजी, जमलं का?"

"जमलं की, वैनी. एकबी वळण चुकलं न्हाई," ते डोळे पुसत म्हणाले. "पर आजबी मायच आधी आली."