खिडकीतलं फुलपात्र

नातेवाइकांना चारचौघांत खाली बघायला लावायचे जेवढे प्रकार जगात असतील, तेवढे सगळे आमचे थोरले भावोजी एका फुलपात्रभर पाण्यावर करून दाखवायचे. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. पालघरला कॉलेजात रसायन शिकवायचे. कुणाकडेही गेले की दिलेलं पाणी आधी उजेडाला धरायचे, मग खिडकीत ठेवून वाट बघत बसायचे. चिंचणीला माझ्या सासरी पहिल्यांदा आले ते नेमके हळदीकुंकवाच्या दिवशी. आमच्या हापशाचं पाणी निघताना अगदी नितळ, आणि घटकाभर ठेवलं की चहाच्या रंगाचं. भावोजींना कोण आनंद! जमलेल्या बायकांना म्हणाले, "खोल मातीत हवा नसते, म्हणून लोखंड पाण्यात विरघळून मुकाट असतं. वर येऊन हवा लागली की गंजतं. आणि गंजाचा कण इतका बारीक, की तळाला बसायचंसुद्धा त्याच्या जिवावर येतं. नुसता हिंडत राहतो!" सासूबाई मला आत ओढून म्हणाल्या, "तुजा भावोजी आमचं पानी नासकं हाय म्हनतो काय गो?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरं खूळ काडीचं. भाताच्या खाचरात पाणी तुंबलं की कधीकधी वर रंगीत तवंग धरतो. तो दिसला की भावोजी काडी शोधायचे. तवंगाचे काचेसारखे तुकडे झाले तर लोखंड, काडी काढताच पुन्हा मिटला तर तेल. पालघरजवळच्या माहीमला एका लग्नाच्या वरातीत हे गृहस्थ सफारी घालून बांधावर उकिडवे बसले होते आणि बँडवाले खोळंबले होते. ताई पदराआड तोंड लपवून म्हणाली, "मी यांना ओळखत नाही."

पण एकदा ही काडी महागात पडली. बोईसरच्या पलीकडे एका पाड्यावर, कुठल्याशा कारखान्याचं तेल खाचरांत उतरतंय म्हणून माणसं तक्रार घेऊन उभी राहिली. निवाड्याला त्यांनीच भावोजींना बोलावलं. मास्तर आपला माणूस, म्हणून. कारखान्याचा साहेबही आला. भावोजींनी सगळ्यांसमोर काडी घातली. तवंगाचे तुकडे झाले आणि भावोजी पोरासारखे ओरडले, "तेल नाही, लोखंड आहे! मातीतलंच!" साहेब लगेच म्हणाला, "सरने बोल दिया, बात खतम." तक्रार तिथंच मिटली. खालच्या अंगाला जानकीबायचं खाचर होतं आणि विहीरही. ती एवढंच म्हणाली, "मास्तर, तेल नाय तं मंग पान्याला वास कसला?" भावोजींनी ते ऐकलंच नाही. काडी बरोबर निघाली होती ना!

चार दिवसांनी ताईला घेऊन आमच्याकडे आले, फुलपात्र खिडकीत ठेवलं आणि तिथंच थिजले. "अगं, गंजाच्या त्या कणांना वाटेत जे भेटेल ते चिकटतं. कारखान्याचं काही असेल तर तेही. पाणी वाहिलं की सगळी वरात निघते. मी गाडी ओळखली, गाडीत कोण बसलंय ते बघितलंच नाही." दुसऱ्या दिवशी साहेबाकडे गेले. साहेब हसून म्हणाला, "क्या सर, अब लोहे का तेल हो गया?"

मग जानकीबायकडे निघाले. ताईनं मला सोबत धाडलं. दारात उभ्या उभ्याच म्हणाले, "बाय, माझं चुकलं." जानकीबाय आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. आयुष्यात पहिल्यांदा भावोजींनी पाणी उजेडाला धरलं नाही. डोळे मिटून तोंडाला लावलं. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "पी मास्तर, भिऊ नको. आमच्या हिरीचं नाय. लांबनं आनलंय. ते हिरीचं पावन्याला कसं देऊ?"

भावोजींना ते पाणी गिळवेना. मी त्यांच्याकडे पाहूच शकले नाही. जन्मभर त्यांच्या पायी लाजले होते, पण ती लाज निराळी होती हे मला तिथं कळलं.

त्यानंतर त्या तक्रारीपायी बोईसरच्या कचेऱ्यांत त्यांनी किती हेलपाटे घातले, पण त्यांचेच शब्द त्यांना ऐकवले जायचे. आमच्याकडे यायचे, दिलेलं पाणी न बघता घटाघटा प्यायचे. ते सासूबाईंना बघवेना. त्या आपणहून हापशाचं फुलपात्र भरून खिडकीत ठेवायच्या आणि हाक मारायच्या, "अवो मास्तर, बगा, लाल झालं!" घरात पाहुणे असले तर मुद्दाम मोठ्यानं. आणि मला वाटायचं, उठावं यांनी, सांगावं सगळ्यांना ते गंजाचं, आणावी आम्हांला पुन्हा एकदा लाज. भावोजी मान दुसरीकडे वळवून म्हणायचे, "असू दे हो."