गोलसरांचं कडं

गोलसर फळ्यावर एका झटक्यात अचूक वर्तुळ काढत आणि मग वळून वर्गाकडे असे बघत, जणू वर्तुळ सोडून पालघर तालुक्यात दुसरं काही धड नाही. हे नाव आम्हीच त्यांना ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि आमच्या तोंडी आहे म्हणून त्याचीही त्यांना किंमत नव्हती.

तुच्छता हा त्यांचा स्थायिभाव. बोईसरच्या कारखान्यातून सुटून मी सरावलीच्या खोलीवर न जाता थेट त्यांच्याकडे डॉक्टरेटसाठी यायचो, तर म्हणायचे, "या, यंत्र आलं." माझी चार वर्षं त्यांच्या एका हट्टापायी चालली होती. समीकरण अरेषीय, विवृत्तीय. त्यातला घातांक बरोब्बर अशा काठावर, की उकल एका बिंदूपाशी गोळा होऊन हातातून निसटते. सर म्हणत, "क्षेत्र सममित, तर उकल सममित. बाकी अडाण्यांच्या शंका." भरीव गोळ्यासाठी ते खरं होतंच. आम्हाला ते कड्यासाठी, म्हणजे मधे भोक असलेल्या क्षेत्रासाठी, सर्वांत कमी ऊर्जा लागणाऱ्या उकलीबाबत सिद्ध करायचं होतं.

एम.एस्सी.च्या वर्गात दातिवऱ्याची हिरा नावाची मुलगी होती. सर तिला खिडकीजवळच बसवत. कारण कधी सांगितलं नाही, पण नाक मुरडायचे. मीही त्या वर्गात मागच्या बाकावर बसायचो. सर कड्याबद्दल बोलत असताना एकदा ती उठली.

"सर, माझा बापूस खाडीत जालं फेकतो. जालं गोल पडतं, पन मावरं सगलीकडं सारखं नाय येत, एकाच बाजूला जमतं. कडं अरुंद असंल तर उकल पन एका बाजूला जमली तर ऊर्जा कमी नाय लागनार?"

"इथं मासळीबाजार भरत नाही," सर म्हणाले.

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, कारण ती खरी ठरली असती तर माझी चार वर्षं पाण्यात जाणार होती. दुसऱ्या दिवसापासून हिरा आली नाही.

वर्षभरानं आमचा लेख साभार परत आला. सोबत परीक्षकाच्या दोन ओळी, सिद्धता न देता: अरुंद कड्यात सर्वांत कमी ऊर्जेची उकल सममित नसते, एका बाजूला झुकते. सरांनी कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, "दातिवऱ्याची एसटी किती वाजता?"

आम्ही दोघं पोचलो तेव्हा हिरा किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. कडक इस्त्रीतले सर वाळूत तिच्यासमोर उभे राहिले.

"तुमचं बरोबर होतं."

"ठावं हाय. तवाच ठावं होतं."

"मग भांडला का नाहीत?" माफी मागतानाही यांची गुर्मी सुटेना!

"तुमी सगले हसत होते," ती म्हणाली, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. "आता नाय येत मी."

तिचं म्हणणं सिद्ध करणाऱ्या नव्या लेखावर सरांनी तिचं नाव पहिलं घातलं. मला त्याच निकालावर डॉक्टरेट मिळाली. सर गेले त्याला आता काही वर्षं झाली. इतका उद्धट माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि तो मला शेवटपर्यंत आवडला नाही. पण त्या दिवशी किनाऱ्यावर नाकाला रुमाल लावून मागे उभा होतो तो मी, सर नव्हते.