मरे नदीवरचा तिसरा हिवाळा

डोकेदुखी म्हणजे काय ते पद्माला माहीतच नव्हतं. मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गमधल्या एका मोठ्या लाँड्रीत ती वर्षानुवर्षं वाफेत आणि मशिनांच्या घरघराटात उभी राहिली, पण गोळी घ्यायची वेळ तिच्यावर क्वचितच आली. म्हणून मरे नदीवर बोटीत राहायला गेल्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात रोज सकाळी कुणीतरी कपाळाला दोरी बांधून आवळतंय असं वाटायला लागलं, तेव्हा ती मनातून चरकली. बोलली मात्र नाही. तिला त्याहून मोठी काळजी लागली होती. तिचा नवरा विसरायला लागला होता.

विश्राम मूळचा नागपूरचा. शिकायला मेलबर्नला आला, युनिव्हर्सिटीतच त्याला पद्मा भेटली, आणि दोघं इथलेच झाले. बसगाड्यांचे सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात त्याची उमर गेली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा दोघं इंग्लंडला गेले. तिथल्या कालव्यांवर लांबलचक, अरुंद बोटी चालतात, माणसाच्या चालीनं. तशी एक भाड्यानं घेऊन ते पंधरा दिवस फिरले. लॉक, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पाण्यात नेणारा दरवाज्यांचा हौद, आलं की काठावर उतरायचं, भले थोरले लाकडी दरवाजे पाठ लावून ढकलायचे, पाणी चढलं की पुन्हा पुढे. बोटीत कोपऱ्यात एक छोटी लोखंडी शेगडी होती, लाकडं जाळायची. विश्राम त्या शेगडीपुढे बसून राहायचा. परत आल्यावर त्याचं मन घरात लागेना.

पुढे कारखाना बंद पडला, लेक सुखदा नोकरीला लागली. विश्राम म्हणाला, "तिथे कालवा, इथे नदी. फरक काय?" घर भाड्यानं देऊन त्यांनी मिल्ड्यूराजवळ एक जुनी हाउसबोट घेतली आणि तिचं नाव 'मैत्री' ठेवलं. पहिली दोन वर्षं सोन्याची गेली. आज या वळणाला मुक्काम, उद्या त्या. काठावर द्राक्षांचे मळे, पाण्यात पेलिकन. पद्मा मैत्रिणींना फोनवर सांगायची, "अगं, मला आता घड्याळच नको झालंय."

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी विश्रामनं बोटीत इंग्लंडसारखी शेगडी बसवली. स्वतःच्या हातानं. "आयुष्य लोखंडात गेलं माझं, मला काय शिकवतेस," असं म्हणत त्यानं छतातून धुराडं काढलं. त्या वर्षी वारा असा बोचरा होता की भिंतीतल्या हवेच्या जाळ्यांतून सुरीसारखा आत यायचा. त्यानं जाळ्यांवर जाड टेप चिकटवली. दाराजवळ धोक्याची घंटा वाजवणारी एक डबी होती, ती पद्मानं मिरचीची फोडणी दिली की किंचाळायची. त्यानं तिच्यातली बॅटरी काढून ठेवली. "नंतर घालतो," म्हणाला. बोट मग छान ऊबदार झाली.

आणि त्यानंतर एकेक गोष्ट निसटायला लागली. नुकताच पिऊन ठेवलेला चहा विश्राम पुन्हा मागायचा. दोर बांधलाय का, म्हणून विचारायचा, उत्तर ऐकायचा, आणि परत विचारायचा. एकदा त्यानं फोनवर सुखदाला आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. विश्रामच्या वडिलांना शेवटी स्वतःच्या घराचा दरवाजा ओळखू येत नव्हता. पद्मानं ते जवळून पाहिलं होतं. आता तेच आपल्या दारात येऊन उभं राहिलंय, असं तिला वाटायला लागलं.

"मम, डॅडची मेमरी टेस्ट करून घे. प्लीज," सुखदा म्हणाली.

मिल्ड्यूरात डॉक्टरची सकाळची वेळ मिळाली. धावपळ नको म्हणून दोघं दोन दिवस आधीच शहरात येऊन मोटेलात उतरले. तपासणीत विश्रामनं सगळं अचूक सांगितलं. उलटे आकडे म्हटले, कागदावर घड्याळ काढलं, वर डॉक्टरचीच थट्टा केली. "नो वरीज," डॉक्टर हसून म्हणाली. पद्माचंही डोकं त्या दिवसांत दुखलं नाही. मोटेलची उशी चांगली, असं तिला वाटलं.

बोटीवर परतले, आणि एकदोन दिवसांत दोन्ही गोष्टी परत आल्या. तिच्या कपाळाची दोरी, आणि त्याची ती हरवलेली नजर. भुताखेतांना थारा नसलेल्या घरात पद्मा वाढली होती. तरीही एका दुपारी, विश्राम शेगडीपुढे तोंड उघडं टाकून झोपलेला असताना, तिच्या मनात आलं: ही बोट आपल्याला खातेय. या विचाराची तिला लाज वाटली. ती उठली आणि शेगडीत आणखी एक ओंडका सारला.

त्यानंतरच्या आठवड्यात वरच्या भागात पाऊस झाला आणि नदी फुगली. पाणी गढूळ होऊन जोरानं वाहायला लागलं. बंधाऱ्याच्या अलीकडे थांबण्यात अर्थ नव्हता. बंधाऱ्याच्या डाव्या कडेच्या लॉकमधून खाली उतरून शांत वळण गाठायचं ठरलं. लॉक चालवणाऱ्या ग्रॅहमनं फोनवर बजावलं, "डावा काठ धरून ये. बंधारा आज जाम ओढतोय."

"येस मेट," विश्राम म्हणाला.

पाऊस कोसळत होता. दारंखिडक्या घट्ट बंद, शेगडी भरलेली. विश्राम केबिनमध्येच पुढे स्टिअरिंगवर बसला होता, पद्मा मागे पिठलं ढवळत होती. अचानक तिच्या हातातला चमचा पडला. उचलायला वाकली तर गुडघे मेणाचे झाले. बीपी असेल, तिला वाटलं. ओट्याला धरून तिनं मान वर केली, आणि समोरच्या काचेतून तिला बंधाऱ्याआधीचे धोक्याच्या खुणेचे तरंगते गोळे दिसले. लॉक डावीकडे राहिलं होतं. बोट सरळ त्या गोळ्यांवर चालली होती.

"विश्राम! डावीकडे घे!"

"हो," तो शांतपणे म्हणाला. हात हलला नाही.

"विश्राम!"

तो खुर्चीवरून हळूच घसरला, पोतं घसरावं तसा. पद्मा ओरडली, पण आवाज निघाला की नाही ते तिला कळलं नाही. चालता येईना म्हणून ती रांगत पुढे गेली. स्टिअरिंगला लोंबकळून तिनं ते सगळ्या अंगाचा भार टाकून डावीकडे फिरवलं. इंजिन कण्हलं. बोट तिरकी झाली, गोळ्यांना घासत गेली आणि काठच्या चिखलात, लव्हाळ्यांत, धाडकन घुसली. पद्मानं पुढचं दार ढकललं. गार हवा तोंडावर आदळली. विश्रामला कॉलरला धरून, इंच इंच ओढत तिनं उघड्या डेकवर आणलं आणि पावसात त्याच्याशेजारी आडवी झाली.

थोड्या वेळानं तिचं डोकं निवळलं. डेकवर पडूनच, उघड्या दारातून तिनं आत पाहिलं. लाल शेगडी. टेप लावलेल्या जाळ्या. बॅटरीवाचून गप्प बसलेली डबी. तिला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

ग्रॅहम छोटी होडी घेऊन आला तेव्हा ती नवऱ्याच्या गालांवर चापट्या मारत होती.

विश्रामला हेलिकॉप्टरनं मेलबर्नला नेलं. बोट तपासणाऱ्यांना धुराडं काजळीनं अर्धं बुजलेलं सापडलं. जो वास नसलेला वायू बाहेर जायला हवा होता, तो हिवाळाभर थोडाथोडा दोघांच्या रक्तात भिनत राहिला. विश्राम चौथ्या दिवशी हसला, जेवला, नर्सशी इंग्लंडबद्दल बोलला. सुखदा रडत म्हणाली, "डॅड्स बॅक." डॉक्टर मात्र पद्माला बाजूला घेऊन म्हणाले, "अजून काही आठवडे लक्ष ठेवा. काही वेळा मेंदूवरचा परिणाम उशिरा दिसतो."

बोट चिखलातून काढून विकली. देण्याआधी पद्मानं ती शेगडी उपटून टाकायला लावली. भाडेकरूंनी सोडलेल्या डँडेनॉन्गच्या घरात ती नवऱ्यावर नजर ठेवून बसली. तो सरळ चालतोय ना. चहा दोनदा मागत नाही ना. दिवस चांगले जात राहिले, आणि तिची भीती कमी व्हायच्याऐवजी वाढतच गेली.

मग एका शनिवारी फॉस्टर स्ट्रीटवर भाजी घेताना विश्राम थांबला. हातात मेथीची जुडी होती. त्यानं ती पाहिली, मग पद्माकडे पाहिलं.

"हे काय असतं?" त्यानं विचारलं. आणि जरा वेळानं, अगदी नम्रपणे, अनोळखी बाईला विचारावं तसं, "तुम्ही कुठं जाणार?"

पद्मानं त्याच्या हातातली जुडी काढून घेतली. "घरी," ती म्हणाली. "चल."

आता बहुतेक दिवशी तो तिला ओळखतो. नाव सापडायला वेळ लागतो. आणखी किती उतरेल ते डॉक्टर सांगू शकत नाहीत, आणि पद्मानंही विचारणं सोडलंय. दुपारी ते ओढ्याकाठच्या वाटेनं फिरतात. ती त्याच्या डाव्या बाजूनं चालते, कारण त्याचा तो पाय अडखळतो.