काकूच्या आठ सळया

काकू गेल्याचा फोन शेजारच्यांकडे आला. आईने हाक मारली तेव्हा मी केस धूत होते. तशाच ओल्या केसांनी आम्ही जळगावहून अमळनेरची एसटी धरली. वाटभर मला काकूचा चेहरा नीट आठवेना. आठवत होते ते तिचे हात, आणि त्या हातांना येणारा भाजलेल्या कलेजीचा नि बिअरचा वास. माणूस गेल्यावर हे असं आठवावं, याचीच मला किळस आली. दीड महिना झाला... अजून येते.

काकू म्हणजे माझे थोरले काका, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांची बायको. भाऊंच्या शेतावर दर जानेवारीत आमची भरीत पार्टी असायची. कापसाच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, लाकडी उखळात ठेचायची, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांबरोबर खायची. आठवीपर्यंत मला ती फार आवडायची. त्या वर्षी भाऊंच्या एका मित्राने मुंबईहून गुळगुळीत पानांचं इंग्रजी मासिक आणलं. त्यात एक फोटो होता. उंच ग्लासात लालभडक बिअर, काठाला मीठ लावलेलं, वर आडव्या सळईवर भाजलेले तुकडे. भाऊंनी सगळ्यांसमोर हाक मारली, "ये गं कॉन्व्हेंट! काय लिहिलंय ते वाच. बापाला कळू दे, फी कुठे जाते ती." सगळे हसले. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, पण त्या दिवशी फुटला. टोमॅटोचा रस, लिंबू, तिखट, मग बिअर... मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. शेवटची ओळ सजावटीची होती. कलेजीचे आणि भाज्यांचे तुकडे सळईवर भाजून ग्लासावर ठेवावेत. ती ओळ मी गाळू शकले असते. कुणालाच कळलं नसतं. पण मला सगळं येतं हे दाखवायचं होतं.

काकू जाळाजवळून ऐकत होती. "हाई बठ्ठं कोन खास?" तिने विचारलं.

"खायचं असं नाही काकू, शोभेसाठी असतं."

"शोभासाठे कलेजी?" ती माझ्याकडे बघत राहिली. काकू अंड्यालासुद्धा हात लावत नसे.

पुढच्याच वर्षी भाऊंनी सायकलच्या स्पोकना टोकं काढून आठ सळया करून आणल्या. तेव्हापासून सात थंड्या काकूने ते केलं. सकाळी टोमॅटो पाट्यावर वाटून फडक्यातून गाळायचे. मिरच्या भाजून मीठ नि काळ्या मसाल्याबरोबर ठेचायच्या. नाकाला पदर बांधून कलेजी, कांदा, मिरच्या, बारकी वांगी सळयांवर ओवायची आणि काड्यांच्या धुरात बसून भाजायची. बाटली उघडणं तेवढं भाऊंचं काम. तरी टाळ्या त्यांनाच. "भाऊ, मुंबईले हॉटेल टाका!" कुणीतरी ओरडायचं. "वहिनी, मीठ कमी शे!" दुसरा. त्या पेयाचा फेस भाऊंच्या मिशीत लाल होऊन बसायचा. ते कलेजी दाताने ओढून काढायचे, अर्धी चावलेली पुन्हा ग्लासात बुडवायचे आणि बोटं चाटून तीच सळई पुढच्याच्या हातात द्यायचे. चघळलेल्या मिरच्या जाळात थुंकायचे. एकदा एक पाहुणे बांधावरच ओकले. काकूने त्यावर राख टाकली आणि पुन्हा जाळाशी येऊन बसली. ग्लास आमचे घरचेच, दुधाचे. ती ते तीनतीनदा राखेने घासायची. तरी दुसऱ्या दिवशी दूध माझ्या घशाखाली उतरत नसे. मिरचीने तिचे हात संध्याकाळपर्यंत जळत राहायचे. ती ते ताकात बुडवून बसायची.

मी शेजारी बसून कांदे चिरून द्यायचे, तेवढंच. चार वर्षांपूर्वी मी म्हटलं, "काकू, आज मी भाजते." तिने माझ्या हातातली सळई काढून घेतली. "नको शिकू. एकदाव करं का जलमभर करनं पडस." मग हळूच, "माले किळस येस. तुले येस का?" मी मान डोलावली. आम्ही दोघी पदराआड, ओढणीआड हसलो. इतक्या वर्षांत आमच्यात एवढंच बोलणं झालं. पण ती ओळ मी गाळू शकले असते, हे मी तिला कधी म्हणाले नाही. यंदाच्या जानेवारीतही नाही. ती भाजता भाजता दोनदा थांबली, छातीवर हात ठेवून बसली. पुरुषांच्या बैठकीतून आवाज आला, "अजून दोन सळया येऊ द्या!" ती पुन्हा वाकली. मी बघत होते... नुसती बघत होते.

तेराव्याला जेवणं झाल्यावर भाऊ ओसरीवर सगळ्यांना सांगत होते, "काय हात होता तिचा! तिला फार हौस होती हो या सगळ्याची." माना हलल्या. हौस! मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आता ही करील. तिच्याजवळच बसायची सारखी. थंडीत पार्टी होणारच. काकूलाही तेच आवडलं असतं." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी नेहमीसारखं खाली बघितलं. त्यांनी तो होकार धरला.

मी स्वयंपाकघरात गेले. पिठाच्या डब्यामागे, तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत सळया होत्या. मोजायची गरज नव्हती तरी मोजल्या, आठ. परतीच्या एसटीत त्या माझ्या पिशवीत होत्या.

परवा भाऊंचा निरोप आला, सळया सापडत नाहीत, काकू कुठे ठेवायची ते मला माहीत असेल. भाऊ पेपरची रविवारची पुरवणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, म्हणून इथेच लिहिते. समोर उभं राहून मला हे बोलता येणार नाही. भाऊ, सळया माझ्याकडे आहेत. शोधू नका, नव्या करू नका. मी करणार नाही. आणि काकूला हौस नव्हती. तिला किळस यायची, हे तिने स्वतः मला सांगितलं होतं.

सळया मी राखेने घासल्या, तीनदा, तिच्यासारख्याच. लोखंड लखलखीत झालंय. चिंधी मात्र धुतली नाही. तिला अजून धुराचा वास येतो, आणि त्याखाली, अगदी पुसट, ताकाचा.