रशीदभाईंचा पाइप

माणूस जातो, त्याचं कार्य मागे उरतं, असं रशीदभाईंच्या शोकसभेत तिघांनी सांगितलं. चौथ्यानेही तेच सांगितलं. पण उठण्याआधी त्याने मला हळूच विचारलं, की रशीदभाई नेमकं काय करायचे? मी म्हणालो, तहसिलीची बोट तापू द्यायचे नाहीत. त्याला ते भाषणात घेण्याजोगं वाटलं नाही.

दसऱ्याला महिना उरला असताना दुपारी फोन आला. रशीदभाई मुक्ताईनगरच्या आपल्या दुकानात एक पंप उघडून बसले होते, तसेच कलंडले... मी तेव्हा निवृत्त झालो होतो, पण बोट आली त्या वर्षी तहसील कचेरीत कारकून होतो. धरणाचं पाणी चढलं की पलीकडच्या वस्तीचा रस्ता बुडतो, म्हणून ती बोट मिळाली होती. विहिरीवरच्या इंजिनांत आयुष्य गेलेला माणूस म्हणून मी रशीदभाईंना बोलावलं. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बोटीमागे वाकायला लावलं. इंजिन आत, पण पंखा फिरवणारा पाय बाहेर, पाण्यात. त्या पायाला बारीक फटी. तळहाताएवढं एक रबरी चक्र तिथून पाणी ओढतं आणि इंजिन थंड ठेवतं. "फटीत गवत अडकलं तर तापेल. कोरड्यावर चालवली तर रबर दोन मिनिटांत जळेल. बाकी सगळं हिला माफ," ते म्हणाले.

गवताचा अनुभव एका पुरात आला. वस्तीतली अकरा माणसं घेऊन येताना मधोमध जलपर्णीत बोट शिरली आणि इंजिनातून वाफ निघू लागली. रशीदभाईंनी इंजिन बंद केलं, पाय वर उचलला आणि ओणवे होऊन मुळं उपटू लागले. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, देवाचं नाव घ्या." "घेतो अक्का, आधी हे गवत काढू द्या." फटींतून उलट आलेल्या उकळत्या पाण्याने कोपरापर्यंत भाजले, माणसं मात्र अकराच्या अकरा काठाला लागली.

कोरड्यावर कोण चालवणार, असं मला वाटलं होतं. पण दसऱ्याला यंत्राची पूजा होते, आणि पूजा झाली की यंत्र सुरू करून दाखवतात. बोट असायची कचेरीच्या आवारात, ट्रॉलीवर. पहिल्या वर्षी साहेबांनी नारळ फोडून चावीला हात घातला, तोच गर्दीतून रशीदभाईंचा आवाज आला, "काय करू राहिले साहेब? जळीन ते!" शुभकार्यात ही भाषा कुणाला आवडली नाही. पुढच्या वर्षीपासून रशीदभाई न बोलता येऊ लागले. खांद्यावर हिरवा पाइप, टोकाला ट्यूबच्या रबराच्या दोन वाट्या. वाट्या फटींवर बसवायच्या, नळ सोडायचा, मग 'करा सुरू' म्हणून मान हलवायची. साहेब बदलत गेले. मान हलवणारा तोच राहिला. "पूजा तुमची, तहान तिची," म्हणायचे.

यंदा रशीदभाईंच्या पत्नीने, हमीदाभाभींनी, तो पाइप माझ्या हातात ठेवला. "भाऊ, तेवढा घेऊन जा. कचेरीवाल्यांच्या लक्षात नाही राहणार." मी घेऊन गेलो. बोटीशेजारी रशीदभाईंचा फोटो मांडला होता. नव्या साहेबांनी पाइप दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि फोटोमागे ठेवला.

"साहेब, तो नळाला जोडायचा असतो," मी म्हणालो.

"अहो, आठवण आहे ती त्यांची. भिजवता कशाला?"

"पण इंजिन..."

"दोनच मिनिटं, काका. श्रद्धांजलीची."

मी हात धरायला हवा होता. सगळे माना खाली घालून उभे होते, म्हणून मीही घातली. इंजिन सुरू झालं. पहिलं मिनिट उदबत्तीचा वास येत होता. दुसऱ्या मिनिटाला रबराचा. कुणीतरी डोळे पुसले; धूर बराच होता.

जळालेल्याच्या जागी नवं रबरी चक्र मागवायला हवं, असं मी लेखी कळवलं आहे. पाण्यावर बोट तापेल की नाही हा प्रश्न आता पुढच्या पुराचा... आणि वस्तीचा. भाभी विचारतात, पाइप नीट आहे ना? मी हो म्हणतो, आणि ते खरं आहे. तो साहेबांच्या दालनात काचेच्या कपाटात आहे. त्याचा हार दर सोमवारी बदलतात.