शेवटच्या बेटाच्या टाक्या
पॅसिफिकमधल्या एका बेटांच्या प्रांताच्या अधिकाऱ्याने मला फसवलं, आणि माझ्याआधी त्याच्याच लोकांना फसवलं. उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला की तो माणूस मला आठवतो. आखातातल्या महबूल्यात माझा प्लॅस्टिकच्या टाक्यांचा कारखाना आहे; तिथल्या ऑफिसात त्याने नकाशा पसरला आणि अगदी कडेच्या बेटावर बोट ठेवलं. तिथल्या विहिरींत समुद्राचं पाणी शिरलंय, बायका शेजारच्या बेटावरून होडीने पाणी आणतात, पावसाचं पाणी साठवायला टाक्या हव्यात, असं तो सांगत होता. माझी आईही खाडीपलीकडून होडीनेच पाणी आणायची, म्हणून मी विरघळलो. तरी विचारलं, "तिथे जहाज लागतं का?" "लागतं, ब्रदर, दर महिन्याला." मी टाक्यांचा भाव कमी केला, वर नळ फुकट दिले. माझा मालवणी फोरमन म्हणाला, "शेट, ताप-बीप नाही ना आला?" काही महिन्यांनी त्या अधिकाऱ्याने कौतुकाने फोटो पाठवला. सगळ्या टाक्या प्रांताच्या मुख्यालयात साहेबांच्या बंगल्यांमागे उभ्या, आणि माळी त्यातल्या पाण्याने हिरवळ भिजवतोय! मी फोनवर ओरडलो, तर तो शांतपणे म्हणाला, "ब्रदर, त्या बेटाला जहाज लागायला धक्काच नाही. आणि तिथे मतं तरी किती?" अरे, रिकामी टाकी पाण्यावर तरंगते, होडीला बांधून ओढत नेता येते! आजही गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना मला हे आठवतं आणि डोकं फिरतं. तिथली बाई आज प्यायचं पाणी कुठून आणतेय, याचं उत्तर त्याने मला द्यावं.