राखीव गडी देऊन टाकला, त्याविषयी

त्या वर्षी आमच्या भागातल्या फुटबॉल संघाने आपला राखीव रनिंग बॅक दुसऱ्या संघाला देऊन टाकला. हा निर्णय चुकीचा होता असे माझे मत तेव्हा होते आणि आजही आहे. त्या निर्णयावरून आमच्या घरात जे घडले, त्यात कोणाचे काय चुकले याविषयी मात्र माझे मत अजून बनलेले नाही.

फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला. एक जण चेंडू काखेत घेऊन धावतो आणि समोरचे अकरा जण त्याला पाडतात. जो धावतो तो रनिंग बॅक. त्याचा गुडघा किंवा घोटा कधी ना कधी जातोच, म्हणून प्रत्येक संघ आणखी एक रनिंग बॅक बाळगून असतो. हा दुसरा गडी बहुतेक वेळ मैदानाच्या कडेला हेल्मेट हातात धरून असतो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. आम्ही त्या ऑगस्टमध्ये ओहायोहून न्यू जर्सीत, पार्सिपनीला आलो होतो. मी रसायनांच्या कारखान्यांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होतो. मे महिन्यात बदलीचा हुकूम आला. मी त्याच दिवशी होकार दिला आणि रात्रीच्या जेवणावर घरात सांगितले. पत्नीने विचारले, तिथे शाळा कशा आहेत. मुलगी तेरा वर्षांची होती. तिने काही विचारले नाही. ताटली उचलून सिंकमध्ये ठेवली आणि ती आपल्या खोलीत गेली.

ती जन्मली अमेरिकेतच. आमच्या मराठी प्रश्नांना तिची उत्तरे पहिल्यापासून इंग्रजीत येत. पार्सिपनीला आल्यावर ती उत्तरे आखूड झाली. ‘येस.’ ‘नो.’ ‘आय डोन्ट नो.’ महिनाभर मला यापलीकडे काही मिळाले नाही.

अपवाद रविवारी दुपारी एक वाजताचा. तो कोणी ठरवून केला नव्हता. सप्टेंबरातल्या एका रविवारी टीव्हीवर फुटबॉलचा सामना चालू होता आणि मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. ती येऊन सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. मी विचारले की हे लोक दर पाच सेकंदांनी का थांबतात. तिने सांगितले. मी आणखी एक विचारले. तिने तेही सांगितले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, नाही जमले तर चेंडू समोरच्यांना द्यायचा, हा सगळा कायदा तिने मला त्या दुपारी शिकवला. पुढच्या रविवारी मी आणखी प्रश्न काढले. काहींची उत्तरे मला ठाऊक होती. तरी विचारले.

राखीव गडी तिनेच हेरला. म्हणाली, “बाबा, वॉच हिम. तो कधी बसतच नाही.” खरेच होते. बाकीचे राखीव खेळाडू बाकावर पाय पसरून असत. हा सबंध सामनाभर रेषेला लागून उभा. तिसऱ्या रविवारी मुख्य रनिंग बॅकचा घोटा मुरगळला आणि हा आत आला. गर्दीत शिरताना चेंडू दोन्ही हातांनी धरी. पाडला गेला की स्वतः उठून तो पंचाच्या हातात देई. गोलची रेषा ओलांडल्यावर बाकीचे जे नाच करतात ते याने केले नाहीत. काम झाल्यावर वस्तू ज्याची त्याला देणारा माणूस मला आवडतो. मी तसे बोललोही. मुलगी माझ्याकडे पाहून हसली. बऱ्याच दिवसांनी.

ऑक्टोबरमध्ये मुख्य खेळाडूचा घोटा बरा झाला. त्यानंतरच्या मंगळवारी वर्तमानपत्रात, पानाच्या तळाशी, चार ओळी आल्या. राखीव रनिंग बॅक पश्चिमेकडच्या एका संघाला दिला. बदल्यात पुढच्या वर्षी कॉलेजांतून नवे खेळाडू निवडताना पाचव्या फेरीत एक नाव जास्त घेण्याचा हक्क मिळाला.

मी त्या ओळी दोनदा वाचल्या. चालता-धावता माणूस देऊन यांनी जो घेतला होता त्याचे नाव अजून कोणालाच ठाऊक नव्हते. तो कुठल्यातरी कॉलेजात खेळत असेल. नसेलही. हा व्यवहार मला समजला नाही.

संध्याकाळी आमचा शेजारी त्याच्या अंगणातली पाने गोळा करत होता. टेलिफोनच्या तारा ओढण्याचे काम करणारा, लठ्ठ, बोलका माणूस. भारतीय म्हणजे डॉक्टर अशी त्याची समजूत होती. मी डॉक्टर नाही हे मी त्याला तीनदा सांगून झाले होते.

“काय डॉक, वाचलंत? मस्त सौदा केला आपल्या लोकांनी!”

“मस्त कसा? घोटा पुन्हा मुरगळला तर?”

“तिसरा आहे ना.”

“तिसऱ्याच्या हातून चेंडू सुटतो.”

“अहो डॉक, हा बिचारा कॉलेजपासून दुसऱ्या नंबरवर आहे. तिकडे पहिला होईल. त्याचं भलं झालं, आपल्याला एक नाव मिळालं. तुम्ही कशाला तोंड पाडून बसलात?”

मी त्याला आमच्या धंद्यातली पद्धत सांगितली. कारखान्यात प्रत्येक महत्त्वाच्या पंपाशेजारी एक राखीव पंप बसवलेला असतो. दर पंधरा दिवसांनी तो थोडा वेळ चालवून पाहतात. पहिला पंप बरा चालतो आहे म्हणून कोणी राखीव पंप उपटून देऊन टाकत नाही. ज्या दिवशी सर्व ठीक असते त्या दिवशी राखीव वस्तू निरुपयोगीच दिसते. तो तिचा दोष नव्हे.

त्याने दाताळ्यावर हनुवटी टेकून ऐकून घेतले. मग म्हणाला, “पंपाला बायकोला सांगावं लागत नाही, डॉक, की चल, सामान बांध.”

तो माझ्या बाजूने बोलला की विरुद्ध, हे मला कळले नाही.

मी घरात गेलो. मुलीला ती बातमी शाळेच्या बसमध्येच समजली होती. स्वयंपाकघरात ती दप्तर न उतरवता उभी होती. “त्यानं सगळं बरोबर केलं होतं,” ती म्हणाली. मग मला विचारले, “डिड एनीबडी आस्क हिम? त्याला कोणी विचारलं तरी?”

मी म्हणालो, “त्यांचा करार असतो. विचारण्याचा प्रश्न येत नाही.”

तिने माझ्याकडे पाहिले. “ओके,” म्हणाली आणि वर गेली.

पुढच्या रविवारी एक वाजता ती खाली आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी एकटा पाहू लागलो. एव्हाना नियम सगळे पाठ झाले होते, तरी खेळ कळेनासा झाला. कोण कशासाठी पळतो आहे, इतकेही ध्यानात राहीना.

पत्नी म्हणाली, “अहो, तिच्याशी जाऊन बोला.”

“काय बोलू?”

“तेही मीच सांगू?”

काय बोलावे हे मला ठाऊक नव्हते. अर्ज कसा लिहावा हे ठाऊक होते. अमेरिकेला येण्यापूर्वी मी सहा वर्षे सरकारी नोकरीत काढली होती. तिथे कोणत्याही निर्णयाविरुद्ध एकच मार्ग असे: वरिष्ठाकडे लेखी अर्ज, तोही मधल्या अधिकाऱ्याच्या मार्फत. मी ऑफिसातल्या टाइपरायटरवर, जेवणाच्या सुट्टीत, इंग्रजीत अर्ज टाइप केला. वर डाव्या कोपऱ्यात संघाच्या मालकांचे पद. त्याखाली ‘जनरल मॅनेजर यांच्या मार्फत’. मग विषय: राखीव रनिंग बॅकच्या बदलीचा फेरविचार होण्याबाबत. मजकूर पाच मुद्द्यांत. शेवटी जनरल मॅनेजर यांच्या शेऱ्यासाठी दोन इंच कोरी जागा सोडली. रजिस्टर पोस्टाने पाठवला आणि कार्बन प्रत ठेवून घेतली.

पत्नीने ती प्रत वाचली. “हे काय? नळाला पाणी येत नाही म्हणून नगरपालिकेला लिहावं तसं लिहिलंय!”

“मुद्देसूद आहे,” मी म्हणालो.

नोव्हेंबरच्या मध्यावर मोठे पाकीट आले. शाळेतून आल्यावर टपाल मुलगीच आणत असे. मी ऑफिसातून आलो तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर ते पाकीट घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर फोडले. आत सबंध संघाचा रंगीत फोटो, खाली छापील सह्या, आणि एक छापील चिठ्ठी: आपल्या प्रेमाबद्दल आभार. माझ्या पाच मुद्द्यांबद्दल एक अक्षर नव्हते. फोटो उन्हाळ्यात काढलेला असावा. दुसऱ्या रांगेत, अगदी कडेला, तो राखीव गडी होता.

“बाबा, हे तुम्हाला का पाठवलं त्यांनी?”

मला प्रत दाखवावी लागली. तिने पहिल्या ओळी वाचल्या आणि हसत सुटली. “थ्रू द जनरल मॅनेजर? आणि ही जागा कशाला? तो इथे लिहिणार होता, ‘येस, आय ॲग्री’? बाबा, असं कोणी करत नाही!”

“मग काय करतात?”

“टीव्हीवर ओरडतात!”

त्याचा काय उपयोग, असे मी विचारणार होतो. पण तिचे हसणे थांबले होते. ती चौथ्या मुद्द्यावर पोहोचली होती. तो असा होता: सदर खेळाडूस बदलीपूर्वी विचारण्यात आले होते काय, याचा खुलासा व्हावा.

“हे तुम्ही त्यांना विचारलंत,” ती म्हणाली.

“तू काढलेला मुद्दा योग्य होता. म्हणून घातला.”

“यू नेव्हर आस्क्ड मी.”

हे वाक्य मला फुटबॉलविषयीचे वाटले, आणि मग वाटले नाही. मी कोट काढून जिन्याच्या कठड्यावर टाकला.

“विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?”

“नो म्हणाले असते.”

“तरी यावं लागलं असतं.”

“आय नो दॅट.”

“मग विचारून काय फरक पडला असता?”

“बाबा!” पंचाने भलताच निर्णय दिला की ती ज्या आवाजात ओरडत असे, त्या आवाजात ती म्हणाली.

फरक काय, हे मला तेव्हा समजले नाही. आज माझी नातवंडे त्या वयाची आहेत, आणि अजूनही नीट समजलेले नाही. पण समोरचा माणूस एखादी गोष्ट मागतो आहे आणि ती आपल्याजवळ आहे, इतके कळत होते. मी पायरीवर तिच्या शेजारी बसलो आणि विचारले, इथे कसे चालले आहे. सहा महिने उशिरा. तिने सांगितले. दुपारच्या जेवणाला शाळेत कोणाबरोबर बसते, किंवा बसत नाही, येथपासून सांगितले. ते बरेच होते. इथे लिहीत नाही. मधून मधून मी प्रश्न विचारले. या वेळी एकाचेही उत्तर मला ठाऊक नव्हते.

डिसेंबरमध्ये तो पश्चिमेकडचा संघ आमच्याकडे खेळायला आला. मुलगी एकच्या आधीच येऊन सोफ्यावर बसली होती. शेजाऱ्याचे भाकीत खरे ठरले होते. राखीव गडी तिकडे पहिला झाला होता. त्याच्या अंगावर परक्या रंगाचा शर्ट पाहून मी अस्वस्थ झालो. आमचा संघ जिंकावा असे मला वाटत होते. त्याने आमच्या मॅनेजरला दाखवून द्यावे असेही वाटत होते. दोन्ही एकदम होणार नव्हते.

शेवटची दोन मिनिटे. आम्ही चार गुणांनी पुढे; गोलची रेषा ओलांडली की सहा मिळतात. त्यांचा चेंडू आमच्या गोलच्या रेषेपासून एका यार्डावर, आणि प्रयत्न एकच उरलेला. चेंडू कोणाला देणार हे सबंध मैदानाला माहीत होते. त्यांनी त्यालाच दिला. तो वाकून गर्दीत घुसला आणि त्याच्यावर माणसांचा ढीग पडला. पंच धावत आले आणि एकेकाला ओढून बाजूला करू लागले.

“तुम्हाला कोण हवंय?” तिने विचारले.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी फार वेळा उच्चारलेले नाही.

“मलापण नाही,” ती म्हणाली. मग ओरडली, “बाबा, मूव्ह! काही दिसत नाहीये!”

मी टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभा होतो. केव्हा उठलो, ठाऊक नाही. मी बाजूला झालो आणि तिच्या शेजारी बसलो.